सैल वहाण पायात बसवा

भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यातून शाळेला गेलात, की कातडी वहाण सैल पडते. असे का व्हावे?

कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. हिरडा किंवा बाभळीची साल वापरून कमावले, की त्यांतील टॅनिन तंतूंना कुजू देत नाही. पण पाणी शिरले, की तंतू एकमेकांवरून घसरतात. पाऊल पट्टा ताणते आणि पट्टा तसाच लांब वाळतो.

आता हेच उलट करा. पट्टा ओल्या फडक्याने भिजवा व पायात न घालता सावलीत वाळवा. थोडाच आटेल, फार आशा धरू नका. वर एरंडेलाचा हलका हात फिरवा. चुलीजवळ मात्र ठेवू नका! ओले कातडे सुमारे ७०-८० अंश सेल्सिअसपुढे तापले, तर कोलॅजेनचा पीळ उलगडतो. कातडे आखडून कायमचे कडक होते.

सैल बुटात टाच घसरते आणि फोड येतो. तिथे जुन्या कातड्याचा सुखतळा कापून घाला. पुठ्ठा पावसात टिकत नाही.

जुन्या कातड्याच्या १० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या भिजवा. एकीला वजन टांगून व दुसरी मोकळी वाळवा, आणि मग दोन्ही मोजा.