पिशवी जांभळी का झाली?

प्रश्न : माझी ८३ वर्षांची आई तळवड्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आहे. चार महिन्यांपासून तिला लघवीची नळी लावलेली आहे. परवा भेटायला गेलो तर पलंगाला अडकवलेली पिशवी चक्क जांभळी! तिथल्या मावशी म्हणाल्या, बीट खाल्लं असेल. शेजारच्या आजींच्या मुलाने किडनी गेल्याची भीती घातली. आईला ताप नाही, ती नेहमीसारखी बोलते. खरं काय? आणि या मावशींना नळीचं काही शिक्षण असतं का? — एक वाचक, तळवडे

उत्तर : आधी भीतीचं बघू. नुसत्या जांभळ्या रंगावरून किडनी गेली असा अर्थ निघत नाही. बीटही यात नाही; बिटाने लघवी फार तर गुलाबी-लाल होते, पिशवीचं प्लास्टिक जांभळं होत नाही.

हा रंग पोटातून निघतो. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. आतड्यातले जिवाणू त्याचं इंडोल करतात, यकृत त्यावर प्रक्रिया करतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. एरवी गोष्ट इथेच संपते. पण नळीत आणि पिशवीत काही विशिष्ट जिवाणू वस्तीला असतील तर ते या पदार्थापासून दोन रंग बनवतात : एक निळा, म्हणजे कपडे रंगवायच्या निळीतला इंडिगो, आणि दुसरा लाल. दोन्ही प्लास्टिकमध्ये मुरले की जांभळा. बद्धकोष्ठ असेल तर आतड्यातल्या जिवाणूंना जास्त वेळ मिळतो, म्हणून पलंगावर असणाऱ्या आणि पोट साफ न होणाऱ्या वृद्ध स्त्रियांत हे जास्त दिसतं. आईचं पोट साफ होतं का, हे जरूर विचारा.

म्हणजे लघवीत जिवाणू आहेत, मग अँटिबायोटिक द्यायचं का? इथेच बहुतेकांची गल्लत होते. नळी महिनाभर राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जिवाणू सापडतात. ताप, थंडी, ओटीपोटात दुखणं असं काही नसताना केवळ कल्चरच्या रिपोर्टवर औषध दिलं, तर जिवाणू तेवढे निबर होतात आणि खऱ्या आजारात तेच औषध लागू पडत नाही. मात्र ताप आला, आई एकाएकी गुंगीत गेली, लघवीत रक्त दिसलं किंवा काही तास पिशवीत थेंबही न येता पोट फुगलं, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता शिक्षणाचं, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मोठा आहे. नळी घालणं हे डॉक्टरांचं किंवा प्रशिक्षित सिस्टरचं काम. पण दिवसरात्र ती सांभाळतात मावशी आणि मामा. त्यांच्यासाठी जनरल ड्यूटी असिस्टंट नावाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. तरी पुष्कळ ठिकाणी काम एकमेकांचं पाहूनच शिकलं जातं. मग चुकाही पाहूनच शिकल्या जातात. आजींना खुर्चीत बसवताना पिशवी मांडीवर ठेवली, की साचलेली लघवी नळीतून उलटी मूत्राशयाकडे जाते. एकाच मगात तीन जणांच्या पिशव्या रिकाम्या केल्या, की एकीचे जिवाणू दुसरीकडे. चालताना अडचण नको म्हणून नळी पिशवीपासून सोडवली, की बंद वाट उघडी पडली. आणि रोज डेटॉल-सॅव्हलॉनने पुसण्याची तर गरजच नसते. साबण-पाणी पुरतं, उलट जंतुनाशकाने नाजूक त्वचा चुरचुरते.

यात कुठेही निष्काळजीपणा नाही, हे लक्षात घ्या. कोणी सांगितलंच नाही, एवढंच. तुमच्याकडच्या कारखान्यांत मशीनला चेकशीट टांगलेली असते आणि पाळी बदलताना आधीचा कामगार पुढच्याला सगळं सांगून जातो. पलंगापाशी तसाच एक कागद हवा : पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, नळीला पीळ नाही, पिशवी दोन-तृतीयांश भरण्याआधी रिकामी, ओतायचा मग प्रत्येकाचा वेगळा, हात आधीही धुतले आणि नंतरही, लघवी किती झाली ते लिहिलं. तासाभरात शिकवता येईल असं हे आहे. पण नवीन माणूस आला की पुन्हा शिकवावं लागतं, आणि तेच राहून जातं.

शेवटी नळीबद्दल. साधी लॅटेक्सची नळी काही आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची साधारण १२ आठवड्यांपर्यंत चालते. तुमच्या आईला चार महिने झालेत. डायपर बदलण्याचा त्रास वाचावा, हे नळी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा मावशींवर रागावू नका. व्यवस्थापकांकडे दोन तारखा मागा : नळी शेवटची कधी बदलली, आणि ती काढता येईल का हे डॉक्टरांनी शेवटचं कधी तपासलं.