पेटंट वाचण्याची नोकरी

मुलगी रसायनशास्त्रात एमएस्सी झाली, पण प्रयोगशाळेत रमत नाही आणि कोडिंगही नको म्हणते. अशा घरात पेटंट विश्लेषणाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे वकिली का?’ वकिली नव्हे. कंपन्या कोणत्या तंत्रज्ञानावर पैसा लावताहेत, हे त्यांच्या पेटंट अर्जांतून हुडकून काढायचं काम आहे हे.

समजा, एखाद्या बॅटरी कारखान्याला विचारायचंय की लिथियमवरच थांबावं की सोडियम-आयनकडे वळावं. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं, तेव्हापासून आपल्याकडेही हा विषय कानावर आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बॅटऱ्यांचा वर्ग एच०१एम. त्यातले सोडियमचे अर्ज वेगळे काढून वर्षवार आलेख मांडला की झालं, असं वाटतं. नवखे इथेच फसतात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिने उघड होत नाही, त्यामुळे आलेखाचं शेवटचं टोक नेहमीच घसरलेलं दिसतं. तंत्रज्ञान ओसरलं, असा अहवाल त्यावरून कुणी दिला तर ग्राहकाचे कोट्यवधी बुडतील. शिवाय एकच शोध पाच देशांत नोंदवला असेल तर ते पाच अर्ज एक ‘फॅमिली’ धरून एकदाच मोजायचे. खरं तर अर्जांच्या संख्येपेक्षा नूतनीकरणाचं शुल्क कोण भरतंय, हे जास्त बोलकं. पेटंटची मुदत २० वर्षं असते, पण ज्यात दम उरला नाही ते कंपन्या मधेच सोडून देतात.

विश्लेषक व्हायला परवाना लागत नाही. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि किचकट इंग्रजी वाचायची तयारी लागते. पुढे पेटंट एजंटची सरकारी परीक्षा देता येते. त्यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि पदवी विज्ञान वा तंत्रज्ञानाचीच हवी. नुसती कायद्याची चालत नाही. नागपूरला बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे.

नुसतं शोधून यादी करणं आता सॉफ्टवेअर झपाट्यानं करतं, तेव्हा तेवढ्यावर पोट भरेल असं समजू नका. क्लासची फी भरण्याआधी मुलीला गूगल पेटंट्स उघडून आवडीच्या विषयातलं एक पेटंट द्या आणि त्यातल्या दाव्यांचा (क्लेम्सचा) अर्थ मराठीत सांगायला लावा.