आधी मातृवृक्ष, मग संकर

माणदेशाच्या उजाड माळावर ज्या फळाने आटपाडीचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांत नेले, त्या डाळिंबाचा एक जुना वाण माझ्या हयगयीमुळे माझ्याच बागेतून नाहीसा झाला. ती हकीगत येथे सांगतो ती एवढ्याचसाठी, की जुन्या वाणांच्या लोभाने संकराचे प्रयोग करू पाहणाऱ्या कोणालाही माझ्याइतकी किंमत मोजावी लागू नये.

वडिलांनी लावलेली ‘गणेश’ वाणाची सहा झाडे विहिरीलगतच्या तुकड्यात होती. 1936 साली पुण्यात डॉ. चीमा यांनी ‘आळंदी’ वाणातून निवडलेला हा वाण. दाणा फिकट गुलाबी, बी मऊ, चव निर्मळ गोड. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून ‘मृदुला’, ‘आरक्ता’, ‘भगवा’ हे लाल दाण्याचे वाण निपजले, आणि भगव्याला सौद्यात मिळणारा भाव पाहून लोकांनी त्याच्या आईलाच बागेतून हद्दपार केले. गणेशाची गोडी आणि मऊ बी राखून त्याच्या दाण्याला गडद रंग यावा, असा माझा बेत होता.

हे काम मोठे हळुवार असते. डाळिंबाची घंटेच्या आकाराची फुले गळून जातात. तळाशी फुगीर, कलशासारखी असतात तीच फळ धरतात. अशी कळी उमलण्याच्या आदल्या सायंकाळी तिचा जाड, तांबडा पुष्पकोश पात्याने चिरून आतले दाट पुंकेसर चिमट्याने वेचायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, वर कागदी पिशवी बांधायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावून ती पुन्हा बांधायची. फळ पिकायला पाच-सहा महिने आणि त्या बियांचे रोप फुलावर यायला आणखी दोन-तीन वर्षे लागतात.

या नादात परागासाठी हव्या असलेल्या वाणाच्या गुट्या (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेली कलमे) मी एका अनोळखी बागेतून, तेथील झाडे स्वतः न पाहता, आणल्या आणि पाण्याची सोय म्हणून थेट गणेशाच्या ओळीत लावल्या. मृग बहराच्या पावसात एका पानावर मोहरीएवढा काळपट डाग दिसला; पान उन्हासमोर धरले, तेव्हा तो तेल सांडलेल्या कागदासारखा आरपार उजळला. तो तेल्या रोग होता. पावसाच्या शिंतोड्यांनी आणि माझ्याच न धुतलेल्या कात्रीने तो झाडोझाड पोहोचला; फळे तडकली, फांद्या पेराशी मोडू लागल्या, आणि तिसऱ्या वर्षी सहाही झाडे तोडून जाळावी लागली. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची शाई पावसात वाहून गेल्याने संकराची रोपेही निनावी झाली.

यावरून जे शिकलो ते असे. बियांचे रोप म्हणजे तो वाण नव्हे. गणेश स्वतः आळंदीपासून निपजूनही आळंदी राहिला नाही. डाळिंबाचा वाण जशाचा तसा राहतो तो बियाने नव्हे, तर गुटीसारख्या कलमाने. म्हणून प्रत्येक जुन्या झाडाच्या गुट्या पावसाळ्यात बांधाव्या आणि निदान दोन वेगळ्या गावांच्या शिवारांत लावाव्या. बाहेरची गुटी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी, आणि तरीही एक पूर्ण पावसाळा मूळ बागेपासून दूर ठेवून तिची पाने तपासावी. छाटणी करताना एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. चिठ्ठीवर भिस्त न ठेवता अॅल्युमिनियमच्या पट्टीवर क्रमांक कोरावा, आणि माता, पिता, तारीख यांची नोंद घरच्या वहीत त्याच दिवशी करावी.

आज माझ्याकडे गणेश पुन्हा आहे. पण ते माझ्या दूरदृष्टीचे फळ नव्हे. खरसुंडीला दिलेल्या धाकट्या बहिणीने माहेरची आठवण म्हणून फार वर्षांपूर्वी एक गुटी मागून नेली होती, आणि न्हाणीच्या पाण्यावर तिने ती परसात वाढवली होती. माझी झाडे जाळल्याचे ऐकून तिने त्या झाडावर चार गुट्या बांधल्या. त्यांतल्या दोन मी माझ्या शेतात लावल्या आणि दोन दिघंचीच्या मित्राला दिल्या. परागाची पिशवी मात्र, या चारही झाडांना पहिले फळ धरेपर्यंत, खुंटीवरून काढायची नाही असे ठरवले आहे.