मोटारीतला दिवा का लागत नाही?

समजा, तुम्ही रात्री दौंडहून शिरूरला मोटारीने निघाला आहात. दार उघडले, पण छताचा दिवा लागला नाही. दोष कसा शोधाल?

आधी विजेचा मार्ग समजून घ्या. बहुतेक साध्या मोटारींत तो असा असतो : बॅटरीचे धन टोक, फ्यूज, बल्ब, दाराचे बटण आणि मोटारीचा पोलादी सांगाडा. सांगाड्यातून प्रवाह ऋण टोकाकडे परततो. एक दुवा तुटला, की दिवा बंद!

आता दिव्याचीच कळ दाबा. दिवा लागला, तर बल्ब व फ्यूज ठीक आहेत. दोष दाराच्या बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. नाही लागला, तर कळ बंद करून बल्बची तार पाहा. ती शाबूत असेल, तर फ्यूज तपासा.

नवा बल्ब तितक्याच वॅटचा घ्या. १२ व्होल्टवर १० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो. जास्त वॅटच्या बल्बच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे झाकण वितळू शकते. एलईडी लागला नाही, तर उलटा करून पाहा.

फ्यूजही तितक्याच अँपिअरचा बसवा. तो पुन्हा जळाला, तर तारा कोठेतरी एकमेकींना किंवा सांगाड्याला चिकटल्या आहेत, असे समजा व गाडी कारागिराला दाखवा. फ्यूजच्या जागी जाड तार मात्र कधीही घालू नका. त्याने गाडी पेटू शकते. फ्यूज जळतो, म्हणूनच गाडी वाचते!