संधिवात असला, तरी दुरावा कशाला?

प्रश्न : वय ३८. रुमॅटॉइड संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेते. संबंधांच्या वेळी खुबे, गुडघे दुखतात, कोरडेपणाही असतो. आजार बळावेल या भीतीने पतीला टाळते. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. शरीरसंबंधांनी तो बळावत नाही, पतीला लागतही नाही. दुखते ते सांध्यांवर ताण येतो म्हणून. तेव्हा संबंध टाळण्यापेक्षा ताण टाळा. सकाळी सांधे आखडतात, म्हणून ते मोकळे असतील ती वेळ निवडा. आधी गरम पाण्याने अंघोळ करा, कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या, कुठे दुखते ते पतीला सांगा. कोरडेपणासाठी औषध दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळते. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने रबर कमजोर होते. डोळे, तोंडही कोरडे पडत असेल किंवा संबंधांनंतर रक्त दिसले, तर तपासणी हवीच.

‘डॉक्टरांशी हे कसे बोलू?’ असे वाटेल. पण मेथोट्रेक्सेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकते, म्हणून खात्रीच्या गर्भनिरोधनासाठी तरी बोलणे भागच आहे. कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागातही विचारता येईल. मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र मनाने बंद करू नका. मूल हवे असेल, तर काही महिने आधी डॉक्टर औषध बदलून देतात. पाळी चुकली, तर लगेच त्यांना गाठा.