आधी सर्व्हर सांभाळ, मग टेबलं मांड

बाळा, ओझरच्या पतसंस्थेत थिन क्लायंट बसवायचं काम घेतलंस, फार बरं वाटलं. टेबलावरचे डबे नुसते पडदा न् कीबोर्ड सांभाळतात. खरं काम मागच्या खोलीतला एकच सर्व्हर करतो. तो बसला की सगळं ऑफिस बसतं. तेव्हा ओझरच्या विघ्नहर गणपतीला नमस्कार कर, पण वायरिंग स्वतः तपास.

१. पहिला पैसा सर्व्हरवर घाल, दोन डिस्क रेड-१ मध्ये जोड — एक गेली तरी काउंटर चालू राहतो.

२. रेडला बॅकअप समजू नकोस — चुकून पुसलेलं खातं दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. रोजची प्रत वेगळ्या डिस्कवर घे, एक प्रत ऑफिसबाहेर, नारायणगावात ठेव, आणि महिन्यातून एकदा प्रत उघडून बघ. न उघडलेली प्रत म्हणजे नुसती समजूत.

३. यूपीएस सर्व्हरला दे, तसा स्विचलाही दे — आरडीपीवर (म्हणजे विंडोज सर्व्हरचा पडदा टेबलावर आणणाऱ्या जोडणीवर) टेबलावरचा डबा विझला तरी सर्व्हरवरचं काम उघडंच राहतं. लाइट आली, लॉगिन केलं, की तिथूनच पुढे.

४. अर्थिंग वळवाच्या आधी तपासून घे, आणि दोन इमारती जोडायच्या असतील तर मध्ये फायबर टाक — तांब्याच्या तारेतून विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत शिरतो, फायबरमधून नाही.

५. स्विचपासून टेबलापर्यंतची केबल १०० मीटरच्या आत ठेव, दोन्ही टोकांना नंबर लाव — खुणेची वायर हाताला, बिनखुणेची कपाळाला.

६. पत्ते वाटणारा डीएचसीपी एकच असू दे — कुणी घरचा वायफाय राउटर आणून जोडला की तोही पत्ते वाटायला बसतो, आणि सकाळी निम्मे डबे उठत नाहीत.

७. जुने पीसी लगेच भंगारात काढू नकोस — एलटीएसपी हे मोफत लिनक्स सॉफ्टवेअर १९९९ पासून अशा पीसींना थिन क्लायंट बनवत आलंय. हार्ड डिस्क नसली तरी हे पीसी नेटवर्कवरून चालू होतात.

८. सर्व्हरवर विंडोजचा आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) घेतलास तर परवाने पहिल्याच दिवशी भर — १२० दिवस तो परवान्याविना चालतो, म्हणून सगळे विसरतात, आणि नेमकं मार्चअखेरीला दार बंद होतं.

९. पासबुक प्रिंटर आधी एका टेबलावर चालवून बघ — प्रिंटर टेबलापाशी, सॉफ्टवेअर सर्व्हरवर. दोघांचं जमलं तरच बाकीची टेबलं हलव.

१०. आरडीपीचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा टाकू नकोस, बाहेरून यायचं तर व्हीपीएनमधून ये — पासवर्ड चाचपणारे रात्रंदिवस असाच पोर्ट शोधत असतात.

११. मराठी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट सर्व्हरवरच बसव — एकदा केलं की सगळ्या टेबलांवर एकसारखी नावं टाइप होतात, शोधलं की खातं सापडतं.

१२. उसाची बिलं जमा व्हायच्या दिवसांत बदल करू नकोस — दारापर्यंत रांग असते, आणि रांगेतल्या माणसाला आपल्या पैशांची घाई असते.

१३. चालू करायचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लाव: यूपीएस, स्विच, सर्व्हर, मग डबे; पासवर्ड बंद पाकिटात मॅनेजरसाहेबांकडे दे — तुला फोन न लावता ऑफिस उघडलं, तरच तुझं काम पुरं झालं.