रंग वेगळा, जात एकच

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या ओल्या, घनदाट जंगलांत अगदी लहान बेडूक राहतात. काही तर अंगठ्याच्या पेराएवढेच असतात. कोणी लालभडक, कोणी हिरवागार, तर कोणी शाईसारखा निळा. आपल्याकडचे बेडूक मातीच्या रंगात लपून बसतात. हे मात्र भरदिवसा उड्या मारीत फिरतात. त्यांच्या कातडीत विष असते. त्यांचा भडक रंग म्हणजे शत्रूला दिलेला इशाराच होय.

विद्यार्थ्यांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही खानदान, जिन्स आणि नौअ हे शब्द शिकता. मराठीत त्यांना कुल, प्रजाती आणि जाती म्हणतात. या बेडकांच्या कुलाचे नाव डेंड्रोबॅटिडी. त्यात सुमारे २०० जाती आहेत. पण कोणत्या बेडकाला कोणत्या जातीत बसवावे, हे ठरवणे फार कठीण आहे.

सर्वांत सोपी खूण रंगाची वाटते. या खुणेने मोठमोठ्या शास्त्रज्ञांना चकवले आहे. सुरिनाम देशाच्या दक्षिण भागात एक सुंदर निळा बेडूक सापडतो. १९६९ मध्ये हूगमुड या डच शास्त्रज्ञाने त्याला स्वतंत्र जाती मानले व अझुरियस, म्हणजे निळा, असे नाव दिले. त्या देशात टिंक्टोरियस नावाचा पिवळ्या-काळ्या रंगाचा बेडूक पूर्वीपासून माहीत होता. पुढे दोघांच्या डीएनएची तुलना झाली. निळा बेडूक टिंक्टोरियसचाच एक प्रकार आहे, असे २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

पनामा देशातील बोकास देल तोरो बेटांवर याहून मोठी गंमत आहे. एका बेटावर बेडूक लाल, दुसऱ्यावर हिरवा, तिसऱ्यावर निळसर! तरी हे सारे प्युमिलिओ या एकाच जातीचे मानले जातात. हिमयुग संपल्यावर समुद्राचे पाणी चढले, उंच जमिनीची बेटे झाली आणि एकाच बिरादरीचे बेडूक एकमेकांपासून तुटले.

पेरू देशात गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे इमिटेटर, म्हणजे नक्कल करणारा, नावाचा बेडूक आहे. जसा शेजारी, तसा त्याचा पोशाख! कुठे ठिपके, कुठे पट्टे. पक्ष्यांना एकच पोशाख लक्षात ठेवावा लागतो, म्हणून फायदा दोन्ही बेडकांचा होतो. मग त्यांना ओळखावे कसे? शास्त्रज्ञ त्यांचा आवाज ऐकतात, त्यांचे घर पाहतात. इमिटेटरचे नर-मादी मिळून पिले वाढवतात. नर शेपटीवाल्या पिलाला पाठीवर घेऊन पानांच्या बेचक्यातील पाण्यात सोडतो. पिलाला खायला मिळावे म्हणून मादी त्या पाण्यात अंडी घालते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या व्हेरिआबिलिस जातीत हे काम एकटा बाप करतो.

विषावरून ओळखता येईल का? तेही नाही. कोलंबियातील टेरिबिलिस हा पिवळा बेडूक सर्वांत विषारी. एंबेरा लोक फुंकनळीतून सोडायचे बाण त्याच्या पाठीवर घासून विषारी करीत. पण हाच बेडूक काचेच्या पेटीत जन्मला व वाढला, तर त्याच्यात विष नसते, कारण ते जंगलातील किड्यांच्या आहारातून येते. शिवाय या कुलात साधे, तपकिरी, बिनविषारी बेडूकही आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जॉन डॅली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये इक्वेडोरमधील एका छोट्या बेडकाच्या कातडीचा अर्क तपासला. त्यातील एक पदार्थ वेदना थांबवण्यात मॉर्फीनपेक्षा सुमारे २०० पट जोरदार निघाला. त्याला एपिबॅटिडीन म्हणतात. तो इतका विषारी आहे की औषध म्हणून माणसाला देता येत नाही; पण त्यामुळे वेदनेवरील संशोधनाला नवी वाट मिळाली. त्या बेडकाला तेव्हा ट्रायकलर म्हणत. आज त्याला अँथोनीई ही वेगळी जाती मानतात. अँथोनीई इक्वेडोरच्या नैर्ऋत्येस व पेरूच्या उत्तरेस आढळतो. खरा ट्रायकलर मात्र इक्वेडोरच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर, थोड्याच ठिकाणी उरला आहे. दोघांना एका नावाखाली मोजले, तर तो किती थोडा उरला आहे, हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.